‘कल्की’चा उत्तरभाग आणि मातेचा प्रश्न

दिनांक २७ जून २०२४ रोजी प्रदर्शित झालेला ‘कल्की २८९८ एडी’ हा तेलुगू चित्रपट संपत नाही, थांबतो. सुमारे तीन तासांच्या खेळानंतरही कथेतील एकही मोठा प्रश्न सुटलेला नसतो, आणि पुढचे पुढच्या भागात, असे सांगून प्रेक्षकाला घरी पाठविले जाते. हे लिहीपर्यंत तो उत्तरभाग प्रदर्शित झालेला नाही. परंतु त्यात काय घडावे, कोणी कोणाशी लढावे, कोण कोणाचा अवतार ठरावा, याविषयीचा वाद मात्र चालूच आहे. आणि ज्या शहरात हा चित्रपट घडला त्या हैदराबादेत तर तो घरोघरी ऐकू येतो. या वादात एक प्रश्न मात्र क्वचितच निघतो. येणाऱ्या अवताराला जी स्त्री उदरात वागवीत आहे, तिला स्वतःला कोणी काही विचारणार आहे काय? आमच्या मते उत्तरभागाचे मोल याच प्रश्नावर ठरेल.

ईश्वरविज्ञानाच्या पत्रिकेत सिनेमाची चर्चा कशाला, असे काही वाचकांस वाटेल. त्याचे एक कारण साधे आहे. हैदराबादेतील मराठी ख्रिस्ती कुटुंबांतल्या तरुणांना तेलुगू परकी नाही आणि मराठवाड्यातल्या तरुणांना हा चित्रपट हिंदीतून पाहता येतो. गर्भवती स्त्री, तिच्या मागे लागलेला जुलमी सत्ताधीश आणि अजून न जन्मलेला तारणारा, हे पाहून आलेला तरुण पाळकांना विचारणारच, की ही आपलीच गोष्ट नव्हे काय? ‘होय’ म्हणून सुटणे सोपे आहे, ‘छे’ म्हणून झटकून टाकणे त्याहून सोपे. दोन्ही उत्तरे आळशी आहेत.

दुसरे कारण आपल्या स्वतःच्या इतिहासात आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठीत सांगण्यासाठी पुराणाचाच घाट आणि ओवीच निवडली, आणि त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातील राचोल येथे छापले गेले. ज्या मंडळीच्या वाङ्मयाचा आरंभच असा झाला, तिला दुसऱ्या कोणी पुराणातील पात्रे घेऊन नवी कथा रचली म्हणून नाक मुरडता येणार नाही. शिवाय स्टीफन्स यांच्या ग्रंथाचे भाग दोन आहेत. पहिल्या पुराणात जुन्या करारातील वचन, दुसऱ्यात त्याची पूर्तता. उत्तरभाग म्हणजे काय, हे ख्रिस्ती वाचकाला कोणी नव्याने शिकवावयास नको. लूकने आपल्या शुभवर्तमानाला ‘प्रेषितांची कृत्ये’ हा उत्तरभाग जोडला, तो त्याच थियफिलाला उद्देशून. पूर्वभागात जे पेरले, तेच उत्तरभागात उगवावे लागते. नवे बी आणून टाकले तर तो उत्तरभाग राहत नाही. ही कसोटी आम्ही येथे लावणार आहोत.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. आरंभ कुरुक्षेत्रावर होतो. अश्वत्थाम्याने उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडले, म्हणून श्रीकृष्ण त्याला शाप देतो की, तू मरणार नाहीस, जखमा वागवीत फिरशील, आणि कलियुगाच्या शेवटी ज्या गर्भात मी येईन त्याचे तू रक्षण करशील. यानंतर सुमारे ६,००० वर्षे जातात. पृथ्वी वैराण झाली आहे. काशी हे उरलेले अखेरचे नगर, आणि त्याच्या डोक्यावर ‘कॉम्प्लेक्स’ नावाचा प्रचंड उलटा मनोरा. पाणी, अन्न, हिरवळ सारे वर, आणि खाली धूळ. वरच्या जगाचा स्वामी यास्किन हा एक जर्जर म्हातारा आहे. त्याच्या प्रयोगशाळेत धरून आणलेल्या स्त्रियांना गर्भधारणा करवून त्या गर्भातून एक सत्त्व काढले जाते, आणि त्यावर यास्किनला आपले आयुष्य व सामर्थ्य वाढवावयाचे असते. या स्त्रियांना नावे नसतात, क्रमांक असतात. त्यांतील एक गर्भवती तेथून निसटते. बंडखोर तिला सुमती म्हणू लागतात, शंभाला नावाच्या गुप्त वसाहतीत नेतात, आणि अश्वत्थामा तिचा रक्षक बनतो. तिला पकडून देऊन वरच्या जगात प्रवेश मिळवू पाहणारा भैरव हा भाडोत्री शिकारी अखेर कर्णाचा पुनर्जन्म निघतो. सुमती भैरवाच्या हाती असताना, आणि तिच्या गर्भातून काढलेल्या सत्त्वाच्या एका थेंबाने तरणाबांड झालेला यास्किन अर्जुनाचे गांडीव उचलीत असताना, पडदा पडतो.

(जाता जाता एक नोंद. भारतयुद्धाचा परंपरागत काळ इसवी सनापूर्वी ३१०२ धरून त्यात सहा सहस्र वर्षे मिळविली की २८९८ हे साल येते. कल्कीच्या आगमनाची कथा, आणि तिची कालगणना बेथलेहेमातील जन्मापासून! दिग्दर्शक नाग अश्विन यांना यात काही सुचवावयाचे नसेल, परंतु धर्मशिक्षकाला वर्गात हा मुद्दा उपयोगी पडेल.)

आता वादाकडे वळू. सर्वांत जोराचा वाद कर्णाविषयी आहे, आणि मराठी वाचक त्यात तटस्थ राहू शकत नाही. शिवाजी सावंतांचे ‘मृत्युंजय’ १९६७ साली आले, रणजित देसाईंचे ‘राधेय’ १९७३ साली. या दोन कादंबऱ्यांनी मराठी मनात कर्णाला जे स्थान दिले ते धर्मराजालाही लाभले नाही. जन्मावरून ज्याला रंगणाबाहेर ठेवले त्या वीराविषयीचा हा कळवळा आहे, आणि आमच्या मंडळ्यांचा बहुतांश ज्या समाजांतून आला, त्यांना त्या कळवळ्याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. म्हणून भैरव कर्ण निघतो तेव्हा चित्रपटगृहात जो जल्लोष होतो त्याला केवळ नटाच्या लोकप्रियतेचे श्रेय देणे योग्य नाही.

परंतु उत्तरभागापुढची अडचण येथेच सुरू होते. पहिल्या भागातील भैरव स्वार्थी आहे, हसरा आहे, आणि बाकीचे लोक धुळीत असताना आपण एकट्याने वर कसे चढावे एवढीच त्याला चिंता आहे. असा मनुष्य बदलला पाहिजे, आणि तो बदल कथेचा कणा झाला पाहिजे. चित्रपट मात्र अश्वत्थाम्याची काठी त्याच्या हाती देतो, आणि क्षणात तो कर्ण होतो. त्याने निवड केलेली नाही. त्याच्यातून दुसरे कोणी प्रकटले आहे. उत्तरभागात तो सुमतीच्या बाजूने उभा राहिला, आणि कारण एवढेच दिले की मागल्या जन्मी तो दानशूर होता, तर भैरवाचे काय झाले? तो तर बदललाच नाही, पुसला गेला. जक्कयाचे उदाहरण आपल्या सर्वांच्या ओठांवर आहे. तो पूर्वीच्या जन्मी कोण होता याची चौकशी कोणी केली नाही. त्याला झाडावरून खाली उतरावयास सांगितले, आणि उतरल्यावर लुबाडलेले चौपट परत करण्याचे त्याने स्वतः ठरविले. पश्चात्तापाला पूर्वजन्माचा आधार दिला की तो पश्चात्ताप राहत नाही. कर्णप्रेमी मराठी वाचकालाही हे पटावे, कारण कर्णाची सारी कथाच जन्मावरून मनुष्याची किंमत ठरविण्याविरुद्ध आहे. त्याच कर्णाला भैरवाची किंमत जन्मावरून ठरविण्यासाठी वापरणे हा त्याच्यावर दुसरा अन्याय होय.

गांडीवाचा वाद आम्ही फार लांबवीत नाही. नीतिमान मनुष्याचे शस्त्र दुष्टाच्या हाती गेले, एवढाच त्याचा अर्थ, आणि तो अर्थ चांगला आहे. यास्किन हा कली की आणखी कोणी, याचा निर्णय काहीही झाला तरी कथेचे वजन त्याने वाढणार नाही.

पहिल्या भागातील सर्वांत सरस पात्र अश्वत्थाम्याचे आहे, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. अमिताभ बच्चन यांचे वय, त्यांचा आवाज आणि त्या उंच, वाकलेल्या देहावरच्या चिंध्या यांतून एका अपराधाचे ओझे खरोखर दिसते. ज्याने गर्भातील बालकावर शस्त्र उचलले त्यालाच गर्भाचे रक्षण करावयास लावणे, ही कल्पना सखोल आहे. आपल्याला येथे काइनाची आठवण होते. त्याच्यावरही खूण होती, त्यालाही भटकावे लागले, आणि ती खूण शिक्षेबरोबर संरक्षणाचीही होती. मात्र फरक लक्षात ठेवावा. अश्वत्थाम्याला आपल्या पापाचे मोल स्वतःच, सहा सहस्र वर्षे, जखमा वागवून चुकवावयाचे आहे. त्याला क्षमा मिळते की त्याचा हिशेब पुरा होतो? पहिला भाग हिशेबाकडे झुकतो. उत्तरभागात त्या बालकाच्या जन्मानंतर अश्वत्थाम्याचे काय होते, हे पाहण्यासाठी प्रस्तुत लेखक कोणत्याही युद्धापेक्षा अधिक उत्सुक आहे.

आणि आता सुमती.

पहिल्या भागाने यास्किनच्या प्रयोगशाळेचे जे चित्र उभे केले आहे ते विसरता येत नाही. रांगेत उभ्या स्त्रिया, त्यांच्या नावांऐवजी अक्षरे आणि आकडे, गर्भ म्हणजे कच्चा माल. दुष्टता म्हणजे काय, हे येथे तत्त्वज्ञान न सांगता कळते. मनुष्याला भांडे मानणे, ही ती दुष्टता. सुमती आपला गर्भ लपविते, संधी साधून निसटते, तेव्हा प्रेक्षक तिच्या बाजूचा होतो, कारण येथवर ती काहीतरी करीत असते. पण शंभालात पोहोचताच ती थांबते. लोक हात जोडतात, तिला माता म्हणतात, तिच्यासाठी मरावयास सिद्ध होतात, आणि तरीही तिच्याशी कोणी बोलत नाही. हे मूल तुला हवे आहे काय? तुला भीती वाटते काय? तू कोठली, तुझी माणसे कोण? यास्किनला तिच्या उदरातील सत्त्व हवे होते, शंभालाला तिच्या उदरातील देव हवा आहे. हेतूंत पृथ्वी-आकाशाचे अंतर आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्या स्त्रीच्या दृष्टीने पाहिले तर दोन्ही ठिकाणी सर्वांचे डोळे तिच्या पोटावर आहेत, तिच्या चेहऱ्यावर नाहीत.

शंभालातील वृद्ध होत आलेल्या नायिकेचे नाव मरियम आहे, आणि या नावावरून पुष्कळजण घाईने तुलना करतील. वस्तुतः ही मरियम येणाऱ्याची आई नव्हे, वाट पाहणारी आहे. ती आपल्याला मंदिरातील हन्नेच्या जवळची वाटावी. मरीयेशी तुलना करावयाची तर ती सुमतीचीच, आणि तेथेच दोन्ही कथांतील भेद दिसतो. लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात देवदूत मरीयेकडे येतो तो गर्भधारणेपूर्वी. तो तिला नावाने हाक मारतो. ती घाबरते, विचार करते, उलट प्रश्न विचारते, आणि त्या प्रश्नाला उत्तर मिळते. मग ती होकार देते. सारे सामर्थ्य ज्याच्या हाती आहे तो परमेश्वर नासरेथातील एका मुलीच्या शब्दासाठी थांबतो. देहधारणाच्या सिद्धांतात याहून आश्चर्यकारक असे दुसरे काय आहे? पुढे अलीशिबेच्या घरी ती गाते, आणि त्या गीतात सिंहासने उलटतात व भुकेले तृप्त होतात. म्हणजे येणाऱ्या राज्याची पहिली घोषणा मुलाने केलेली नाही, त्याच्या आईने केली आहे. सुमतीला असे गीत नाही. तिला पहिल्या भागात पुरता एक संवादही नाही, जो तिचे रक्षण करण्याच्या विषयाखेरीज दुसऱ्या कशाविषयी असेल.

उत्तरभागात हे दुरुस्त होऊ शकते काय? होऊ शकते, आणि त्याचे उदाहरणही आहे. जेम्स कॅमेरॉन यांच्या १९८४ सालच्या ‘द टर्मिनेटर’ची कथा याच जातीची होती. भविष्यातील तारणाऱ्याची आई, तिला मारावयास आलेले यंत्र, आणि पळापळ. १९९१ साली आलेल्या दुसऱ्या भागात तीच सारा कॉनर वेड्यांच्या रुग्णालयात कोंडलेली दिसते, कारण तिने जे पाहिले त्यावर कोणाचा विश्वास नाही. ती कठोर झाली आहे. ज्याच्या शोधातून पुढचा संहार होणार आहे त्या शास्त्रज्ञाला ती स्वतः मारावयास जाते, आणि त्याच्या बायकोमुलादेखत तिचा हात थांबतो. त्या क्षणी ती कोणाची आई म्हणून महत्त्वाची राहत नाही. एक मनुष्य म्हणून ती निर्णय घेते, आणि कथेचे सारे भवितव्य त्या निर्णयावर फिरते. पेरलेले तेच, पण उगवले ते पूर्वी न दिसलेले. उत्तरभाग असा असावा.

उलट उदाहरण आपल्या शेजारच्याच भाषेतले आहे. शंकर यांच्या ‘एन्थिरन’ (२०१०) या तमिळ चित्रपटाचा पुढचा भाग ‘२.०’ २०१८ साली आला. त्यातील पक्षितज्ज्ञाची तक्रार न्याय्य होती, तो मेला तोही त्या तक्रारीपायीच. चित्रपटाने त्याला राक्षस केले, त्याच्याहून मोठ्या यंत्राने चिरडले, आणि त्याचे म्हणणे खरे होते हे शेवटी घाईने मान्य करून टाकले. देखावा वाढला की ज्याचे ऐकून घ्यावयाचे तो मनुष्य हरवतो. ‘कल्की’च्या उत्तरभागाला हाच धोका आहे, कारण त्याच्याजवळ देखाव्याचे सामर्थ्य अफाट आहे.

दिनांक १८ सप्टेंबर २०२५ रोजी निर्मात्या संस्थेने, वैजयंती मूव्हीजने, जाहीर केले की सुमतीची भूमिका करणाऱ्या दीपिका पदुकोण उत्तरभागात असणार नाहीत. त्यामागील व्यवहाराशी आपल्याला कर्तव्य नाही, आणि दोष कोणाचा हे ठरविण्याचा आपल्याला अधिकारही नाही. परंतु या बातमीनंतर वाद कसा चालला ते पाहण्याजोगे आहे. दुसरी नटी घ्यावी की सुमतीला बाळंतपणातच संपवावे, असे सुचविणे किती सोपे झाले! भैरवाविषयी कोणी असे सुचवील काय? पहिल्या भागाने तिला चेहरा दिला असता, तर तिला वगळण्याची कल्पना अशी सहज सुचली नसती.

कोणी म्हणेल, हे सारे २८९८ सालचे, आपल्याला त्याचे काय? याचे उत्तर २०१९ सालात आहे, आणि जुन्या हैदराबाद संस्थानाचाच भाग असलेल्या बीड जिल्ह्यात आहे. त्या वर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतील १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. ‘कोयता’ म्हणजे नवराबायकोची जोडी. तिने मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, आणि कामाचा खाडा पडला की पैसे कापले जातात. पाळी, गर्भारपण, अंगावरचे दुखणे, सारे कामाच्या आड येते. तेथे गर्भ हा कच्चा माल नव्हे, अडथळा आहे. पण स्त्रीकडे पाहण्याची दृष्टी यास्किनचीच आहे. आणि जुलै २०२५ मध्ये खुद्द सिकंदराबादेतील एका प्रजननकेंद्राशी संबंधित लोकांना, उसन्या गर्भाशयाच्या नावाखाली नवजात बालकांची विक्री केल्याच्या आरोपावरून पोलिसांनी पकडले. व्यापारी सरोगसीला कायद्याने २०२१ सालीच बंदी घातली आहे. न्यायालय जे ठरवील ते ठरवील. परंतु आरोपाचे स्वरूप वाचताना त्या उलट्या मनोऱ्याची आठवण होणे अपरिहार्य आहे.

ज्या बहिणी या मंडळ्यांच्या बाकांवर बसतात, त्यांतील काही कारखान्याच्या फडावरून परतलेल्या आहेत. नाताळच्या सप्ताहात मरीयेविषयी उपदेश करताना आपण स्वतः काय करतो, याकडेही पाहावे. देवाने तिचा ‘उपयोग’ केला, ती ‘पात्र’ ठरली, असे आपण सहज बोलून जातो. यातील दुसरा शब्द मराठीत मोठा फसवा आहे. पात्र म्हणजे योग्य, आणि पात्र म्हणजे भांडे. ऐकणारीने कोणता अर्थ घ्यावा?

शेवटी अश्वारूढ तारणाऱ्याविषयी थोडे. कल्की शुभ्र अश्वावरून खड्ग घेऊन येतो. प्रकटीकरणाच्या एकोणिसाव्या अध्यायातही शुभ्र घोडा आहे, स्वार आहे, तरवार आहे, आणि तरुणांच्या सभेत ही तुलना हमखास निघेल. तेव्हा दोन गोष्टी दाखवाव्यात. तेथली तरवार हाती नाही, मुखातून निघते. आणि त्याचा झगा युद्धाला तोंड लागण्यापूर्वीच रक्तात बुचकळलेला आहे, म्हणून अनेक भाष्यकार ते रक्त त्याचे स्वतःचेच मानतात. बारावा अध्यायही सोबत वाचावा. अजगर बालकाला गिळण्यासाठी टपलेला असतो, बालक वर उचलले जाते, परंतु कथा त्या स्त्रीला तेथेच सोडून देत नाही. रानात तिच्यासाठी जागा सिद्ध केलेली असते, तिचे पोषण होते, तिला पंख दिले जातात, आणि पृथ्वी आपले तोंड उघडून तिला साहाय्य करते. मूल सुरक्षित झाल्यावरही देवाला त्या आईची काळजी आहे.

अशा सभेसाठी आमची सूचना अशी. शंभालात सुमतीचे स्वागत होते तो प्रसंग मुलांना आठवावयास सांगावा, लूक १:२६–३८ मोठ्याने वाचावे, आणि मग त्यांना, विशेषतः मुलींना, उत्तरभागातील सुमतीचा पहिला संवाद लिहावयास सांगावे. उत्तर आधी सुचवू नये. जे लिहिले जाईल ते वाचून पाळकांनी थोडा वेळ गप्प राहिले तरी चालेल.